हाताची घडी, तोंडावर बोट : वर्धा जिल्ह्यातील शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिक्षिका,
जिल्हा परिषद, नगर परिषद व खासगी शाळा,
वर्धा जिल्हा.

विषय : ऑटिझम असलेल्या मुलांना शाळेत स्वतःला लपवून बसावं लागू नये, याबाबत.



मी वर्ध्यात राहते. ऑटिझम असलेल्या, पाचवीत शिकणाऱ्या एका मुलीची आई आहे. तिच्या शाळेचं नाव इथे घेत नाही, कारण माझं गाऱ्हाणं एका शाळेपुरतं नाही. आर्वी, हिंगणघाट, देवळी, समुद्रपूर इथल्या पालकांशी बोलताना तेच ऐकू येतं. पालकसभेत आम्हाला सांगितलं जातं, “ती शाळेत अगदी शहाण्यासारखी असते हो. काहीच त्रास नाही तिचा.” सांगणाऱ्यांच्या मनात आपुलकी असते. आम्ही मान डोलावतो, सही करतो आणि घरी येतो. पण त्या वाक्यामागे काय दडलेलं असतं, ते आजवर कुणी तुम्हाला नीट सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र.

परिपाठाला माझी मुलगी रांगेत ताठ उभी असते. माईकवरून प्रार्थना सुरू झाली की एका हाताची नखं दुसऱ्या हाताच्या तळव्यात रुतवते, कारण कान झाकले तर ओरडा बसतो हे तिला पहिलीतच कळलं. बाईंनी समोर उभं केलं की ती त्यांच्या कानातल्या रिंगकडे बघते. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी डोळ्यांत बघून बोलतेय. वर्ग हसला की तीही हसते, पण जरा उशिरा, कारण आधी शेजारणीचा चेहरा बघून हसायचं की नाही हे ठरवावं लागतं. मधल्या सुट्टीत ताटल्यांचा खणखणाट आणि पोरांचा गलका सोसत नाही, म्हणून पायात गोळे येईपर्यंत ती शौचालयात उभी राहते. हे सगळं तिनंच मला सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, बहुतेक वेळा रात्री दिवा मालवल्यावर.

घरी आल्यावर दप्तर दारातच पडतं. गणवेश ती ओरबाडून काढते आणि पलंगाखाली शिरते. कुणी “काय झालं गं?” म्हटलं तरी किंचाळते. तिची आजी म्हणते, “शायेत बराबर रायते, न घरी आली का असं काहून करते ही?” आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शाळेतल्या त्या ‘बराबर राहण्यात’ आहे.

याला मास्किंग म्हणतात. आपलं वागणं, बोलणं, हातवारे, अगदी त्रासही झाकून इतरांसारखं दिसण्याची धडपड. कुठलंच मूल हे हौसेनं करत नाही. कान झाकल्यावर रागावणी झाली, हात फडफडवल्यावर मुलं हसली, आवडीच्या विषयावर बोलल्यावर “पुरे झालं आता” ऐकावं लागलं, की मूल हळूहळू शिकतं : मी जशी आहे तशी इथे चालत नाही. ते इतकं अंगवळणी पडतं की आपण काही लपवतोय हेही त्याला कळेनासं होतं. घट्ट बूट घालून दिवसभर चालावं आणि कुणी विचारलं तर बूट छान आहेत म्हणावं, तसं हे आहे. घरी आल्यावर पाय सुजलेले दिसतात. बूट मात्र कुणाच्या लक्षात येत नाहीत.

यावर आता बरंच संशोधन झालं आहे. 2017 मध्ये लॉरा हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या प्रौढांना याबद्दल विचारलं. नोकरी मिळावी, मैत्री व्हावी, कुणी त्रास देऊ नये म्हणून आपण हे करतो, असं त्यांनी सांगितलं. त्याची किंमतही सांगितली : अंग गळून जाणारा थकवा, सततची धास्ती, आणि आपण खरे कोण आहोत हेच हरवल्याची भावना. 2018 मध्ये सारा कॅसिडी यांच्या अभ्यासात, ऑटिझम असलेल्या प्रौढांमध्ये अशा लपवाछपवीचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध दिसून आला. हे अभ्यास मोठ्या माणसांवरचे आणि परदेशातले आहेत, हे मला ठाऊक आहे. पण लपवण्याचा धडा ही माणसं लहानपणीच गिरवायला लागलेली असतात, आणि लहानपणातला बराच वेळ शाळेत जातो. म्हणून मी तुमच्याकडे आले आहे.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार : शाळा ‘शांत’ आणि ‘बरं’ यांत फरक करत नाही. जे मूल वर्गात गोंधळ घालतं त्याची नोंद होते, पालकांना निरोप जातो. जे मूल गोंधळ आतल्या आत गिळतं त्याला ‘आदर्श विद्यार्थी’ म्हणून टाळ्या मिळतात. त्या टाळ्यांतून त्याला कळतं, की असंच गिळत राहायचं.

दुसरी : “हिला ऑटिझम आहे असं वाटत नाही.” हे कौतुक म्हणून सांगितलं जातं. माझ्या मुलीसमोरही सांगितलं गेलं. तिनं त्यातून एवढंच घेतलं, की ऑटिझम दिसू न देणं ही चांगली गोष्ट आहे. शिवाय “घरीच असं करत असेल तर घरचे लाड असतील” हा निष्कर्ष लगोलग येतो. शाळेत गिळलेलं घरी बाहेर पडतं, कारण घरी मार बसणार नाही याची तिला खात्री असते. ही खात्री म्हणजे लाड नव्हेत.

तिसरी : मुलींकडे होणारं दुर्लक्ष. ऑटिझम मुलग्यांमध्ये जास्त असतो, हे खरं. पण 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. एकत्रित हिशोबात एका मुलीमागे चारच्या वर मुलगे दिसले. जिथे संशोधकांनी समाजात जाऊन स्वतः मुलं शोधली, तिथे हे प्रमाण तीनाच्या आसपास आलं. म्हणजे काही मुली कुणाच्या नजरेसच पडत नाहीत. आपल्याकडे तर ‘पोरीनं कसं गपगुमान राहावं’ हा धडा घरापासूनच मिळतो. गप्प, लाजरी, मान खाली घालून बसणारी मुलगी आपल्याला संस्कारी वाटते. त्या गप्पपणामागे काय चाललंय, ते कुणी विचारत नाही.

चौथी : मुलाच्या आवडीला ‘वेड’ म्हणणं. माझ्या मुलीला रेल्वेचं भारी आकर्षण आहे. वर्धा जंक्शनवरून मुंबईकडे पुलगाव, धामणगाव, चांदूर, बडनेरा आणि सेवाग्रामवरून दक्षिणेकडे हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, बल्लारशा अशी स्टेशनं ती न थांबता सांगते. कोणती गाडी कुठे थांबते आणि किती वाजता, हे तिला पाठ आहे. वर्गात “सारखं गाड्यांचं नको” असं सांगितल्यापासून ती शाळेत गाड्यांबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्या वेळापत्रकात वेळेची गणितं होती, नकाशा होता, वाक्यरचना होती, आणि एखाद्या मैत्रिणीशी बोलायला विषयही होता. ते दार बंद झालं.

पाचवी तक्रार शाळेपेक्षा उपचार करणाऱ्यांकडे जास्त जाते, पण शाळेलाही लागू पडते. ‘नजरेला नजर देते’, ‘हात स्थिर ठेवते’ ही प्रगतीची खूण म्हणून अहवालात लिहिली जाते. नजर खाली असताना जे मूल तुमचं बोलणं नीट ऐकतं, त्याला डोळ्यांत बघायला लावलं की त्याची सगळी ताकद बघण्यात जाते आणि ऐकणं सुटतं. जी मुलं बोलत नाहीत, त्यांची गत याहून वाईट. त्यांचे हात हेच त्यांचं बोलणं असतं आणि आपण तेच धरून ठेवतो.

इथे मला आपल्या जिल्ह्यातल्या एका गोष्टीची आठवण करून द्यायची आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि सात वर्षांचं, मातृभाषेतलं, हाताच्या कामाभोवती गुंफलेलं नयी तालीमचं शिक्षण उभं राहिलं. आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्यानं सेवाग्रामात ते चालवून दाखवलं. आजही नयी तालीम समितीची आनंद निकेतन शाळा तिथे भरते. ऑटिझमची जगभर ओळख झाली ती लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये केलेल्या वर्णनानंतर. त्यामुळे 1937 च्या परिषदेत या मुलांचा विचार झाला असेल, असं मी म्हणणार नाही. पण मूल फक्त कानांनी शिकत नाही, हात चालू असले की डोकंही चालतं, ही समज याच मातीत रुजली. आणि त्याच जिल्ह्यात आज वर्गातला पहिला हुकूम असतो, हाताची घडी, तोंडावर बोट. बोटांत दोरा फिरवत, पेन्सिल घासत, जागच्या जागी डोलत ऐकणारं मूल त्या क्षणी कसूरवार ठरतं. माझी मुलगी डोलते तेव्हाच सगळ्यात चांगलं ऐकते. हात बांधले की तिचे कानही बंद होतात.

तुमच्या अडचणी मी जाणते. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता, त्यात निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साधारण शंभर-सव्वाशे माणसांमागे एक ऑटिझम असलेली व्यक्ती असते. म्हणजे लहान शाळेत असं एखादं मूल असेल किंवा नसेलही. पण एखाद्या शिक्षकाच्या सबंध नोकरीत अशी कित्येक मुलं येऊन जातात. तुम्हाला याचं प्रशिक्षण क्वचितच मिळालेलं आहे, आणि तो दोष तुमचा नाही. म्हणूनच माझ्या मागण्या अशा आहेत, की त्यांतल्या बहुतेकांना एक रुपयाही लागत नाही.

एक. मुलाला मास्किंग समजावून सांगायला आम्हाला मदत करा. मुलाला आधी स्वतःबद्दल खरं कळलं पाहिजे : तुझा मेंदू आवाज, उजेड, गर्दी, माणसांचे चेहरे वेगळ्या पद्धतीनं घेतो, त्याला ऑटिझम म्हणतात, तुझ्यासारखी आणखी माणसं आहेत. मग लपवणं म्हणजे काय ते त्याच्याच दिवसातली उदाहरणं घेऊन सांगता येतं. “तुला हसू आलं म्हणून हसलीस, का सगळे हसले म्हणून?” “कान दुखत होते, तरी हात खालीच ठेवलेस ना?” अशी विचारणा वर्गासमोर करू नका, एकट्यात करा, आणि उत्तर लगेच मागू नका. आम्ही घरी एका कागदावर तीन रकाने करतो : कुठे लपवावं लागतं, कुठे थोडं लपवावं लागतं, कुठे मुळीच नाही. पहिल्या रकान्यात तिनं वर्ग, परिपाठ आणि तान्हा पोळ्याची गर्दी लिहिली. तिसऱ्या रकान्यात पलंगाखालची जागा आणि मामाचं शेत. शाळेतली एखादी जागा तिसऱ्या रकान्यात यावी, एवढीच माझी इच्छा आहे.

दोन. मुलाला शरीराची भाषा ओळखायला शिकवा. जबडा आवळला, पोटात कळ आली, अक्षरं दिसेनाशी झाली, की बाहेर पडायची वेळ झाली. पण त्याला बाहेर पडण्याची मुभा असेल तरच हे शिकवण्यात अर्थ आहे. बाकावर एक रंगीत कार्ड ठेवू द्या. ते उलटं केलं की न विचारता, न बोलता, ठरलेल्या जागी पाच-दहा मिनिटं जाता यावं. ग्रंथालयाचा कोपरा, ओट्याची सावली, कुठलीही शांत जागा चालेल.

तीन. ‘मुखवटा काढ’ असं फर्मान मात्र कृपा करून काढू नका. लपवणं हा त्या मुलाचा दोष नाही आणि खोटेपणाही नाही. कित्येकदा त्यानंच मुलाला चिडवण्यापासून वाचवलेलं असतं. कुठे मोकळं व्हायचं, कुणापुढे व्हायचं, हे मुलानं ठरवायचं. आपण जागा सुरक्षित करायची. नमस्कार करणं, रांगेत थांबणं, दुसऱ्याला बोलू देणं ही कौशल्यं सगळ्याच मुलांनी शिकावीत, ती शिकवणं म्हणजे लपवायला लावणं नव्हे. मला फरक असा दिसतो : जे शिकल्यावर मुलाचं जगणं सोपं होतं ते कौशल्य, ज्यामुळे फक्त बघणाऱ्याला बरं वाटतं आणि मुलाचं बळ संपतं, तो मुखवटा.

चार. नियमांचा हेतू बघा. नियम ‘लक्ष दे’ असा असावा. ‘माझ्याकडे बघ, हलू नकोस’ हा त्याचा एकच अर्थ नाही. परिपाठात माईकपासून लांब उभं राहू द्या. कान झाकू द्या. स्नेहसंमेलनात नाचायला नको असेल तर पडदा ओढायचं, नावांची यादी वाचायचं काम द्या. वेळापत्रकात बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा.

पाच. वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही शिकवा. सगळं समजून घेण्याचं ओझं एकट्या ऑटिस्टिक मुलावर का? डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञानं 2012 मध्ये मांडलं, की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. आपल्यालाही ती माणसं कळत नाहीत, मात्र दोष एकाच बाजूवर टाकला जातो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेली. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत ती गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच चांगली टिकली. दोन्ही प्रकारची माणसं मिसळली तेव्हा मात्र ती जास्त गळत गेली. म्हणजे या मुलांना संवाद येत नाही, हे खरं नाही. संवादाच्या दोन तऱ्हा आहेत आणि आपण एकीलाच गुण देतो.

सहा. कागदापाशी अडवू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये मान्य झालेल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. त्याच्या कलम 16 प्रमाणे शासनानं अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शाळांनी प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्याच्या यादीतही ऑटिझम आहे. पथक आलं की बोलकी, खोडकर मुलं पुढे केली जातात. एखाद्या ‘शहाण्या’ मुलीचं नावही सांगा. सेवाग्राम आणि सावंगी मेघे अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या जिल्ह्यात आहेत, गडचिरोलीच्या आईपेक्षा आपला रस्ता जवळचा आहे. पण निदान व्हायला, प्रमाणपत्र मिळायला वेळ जातो. कान झाकू देण्यासाठी प्रमाणपत्राची वाट बघायची काय गरज?

सात, आणि ही मागणी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, गटसाधन केंद्रं आणि केंद्रप्रमुखांकडे आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास या विषयाला द्या. समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना बोलवा आणि जमेल तिथे ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांना ऐका. आपलं शालेय जीवन कसं गेलं, हे तेच सगळ्यांत नेमकं सांगतील.

“इथे सवलत दिली तर उद्या जगात कसं निभावणार?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि आई म्हणून तो मलाही पडतो. माझं उत्तर असं. ज्या मुलाला आपण कुठे थकतो, काय सोसत नाही आणि मदत कशी मागायची हे कळतं, ते जगात निभावतं. ज्याला फक्त सोसायचं शिकवलं, ते आठवी-नववीत एके दिवशी शाळेची पायरी चढायला नकार देतं, आणि तेव्हा सगळे विचारतात, “इतकी हुशार पोरगी, अचानक काय झालं?” त्यात अचानक काहीच नसतं. ती पहिलीपासून सोसत आलेली असते.

गुरुजी, बाई, मॅडम, सर, येत्या पालकसभेत “काही त्रास नाही” असं सांगण्याआधी एवढं करा. त्या मुलाला एकट्यात विचारा, “तुला इथे काय त्रास होतो?” ते लगेच सांगणार नाही. पुन्हा विचारा. आणि त्यानं सांगितलं, तर त्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात बदला. तुम्ही बदललेली ती एक गोष्ट बघूनच मुलाला पटेल, की इथे खरं सांगितलेलं चालतं.



आपली नम्र,
ऑटिझम असलेल्या मुलीची आई,
वर्धा